धोंडूमामांची बावीस जनावरं

मांजर आडवं गेल्याशिवाय धोंडूमामा पेंटर घराबाहेर पडत नसत.

लिहिण्यात चूक झालेली नाही. बाकीचं कर्जत मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे यायचं, घरात जाऊन घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. धोंडूमामांचं नेमकं उलट. खांद्याला रंगाच्या डब्यांची पिशवी अडकवून ते ओट्याखाली उभे राहत आणि मांजराची वाट बघत. ते वेळेवर आलं नाही तर खिशातून सुकटाची पुडी काढत आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोबर माझ्या दारासमोर, चिमूटभर सुकट टाकत. मांजर आडवं गेलं की कानावरची पेन्सिल काढून वहीत टिपून ठेवत. संध्याकाळी परत आले की त्याच ओळीपुढे दिवसाचा निकाल लिहीत. निकाल बहुतेक एकच असे, 'काही झालं नाही.'

मी लढाईच्या वर्षांत कर्जतच्या मामलेदार कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि स्टेशनकडे जाणाऱ्या आळीत मामांच्या समोरची खोली भाड्याने घेतली. घर अलिबागकडचं, त्यामुळे सुकटाच्या वासाचं मला वावडं नव्हतं. पण रोज सकाळी आपल्या उंबऱ्यासमोर कोणी मांजराला पंगत वाढत असेल तर माणूस विचारणारच. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं.

"मामा, हे काय चाललंय?"

"बघतोय."

"काय बघताय?"

"मांजर आडवं गेल्यावर काय व्हतं ते."

"मग काय होतं?"

"काय नाय व्हत," मामा शांतपणे म्हणाले. "पन अजून बघून झालं नाय."

तेव्हा सातवी वही चालू होती.

मांजराचा कार्यक्रम आटोपला की मामा घराकडे तोंड करून हाक मारत, "आक्का, येतेस काय गं?" आतून उत्तर येई, "तू जा रं." मग मामा जात. रोज हाच प्रश्न, रोज हेच उत्तर. मला वाटायचं, बाजारात येतेस का म्हणून विचारत असतील. आतली बाई बाजाराला यायला तयार नाही हे काही रोज विचारून पक्कं करण्यासारखं नव्हे, पण म्हटलं, पेंटर माणूस, असायचाच थोडा चक्रम.

गोदाक्का ही मामांची मोठी बहीण. मामा पन्नाशीचे, ती चार वर्षांनी मोठी. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी कपाळ पांढरं, आणि तेव्हापासून याच घरात. ती उजाडायच्या आत नदीवरून पाणी आणायची, ते आणलं की दुपारपर्यंत पुढच्या दारी दिसायची नाही. मला समोर राहून तिचा चेहरा नीट दिसायला सहा महिने लागले. आवाज मात्र रोज ऐकू यायचा. बारीक अंगाच्या मानाने खणखणीत होता.

मामा पाट्या रंगवायचे. खालापूरपासून नेरळपर्यंत कुठल्याही दुकानावर बघा, अक्षर मामांचं. मोसमात ते माथेरानला जायचे. तिथल्या घोड्यांचे नंबर, हातरिक्षांच्या पाठी, हॉटेलांची लाकडी कुंपणं, सगळं त्यांच्या हातचं. अशाच एका हॉटेलात व्हरांड्याचे कठडे रंगवताना त्यांना ती गोरी बाई भेटली. लढाईमुळे आपला मुलूख सोडून आलेली, वयस्कर, एकटी. ती रोज सकाळी चहा झाला की टेबलावर पत्ते मांडून बसायची. पण खेळायची कोणाशीच नाही. मामांनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी ब्रश डब्यात ठेवून टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

बाईने पत्ते दाखवले. हॉटेलचा बटलर मधे उभा राहून दोन्हीकडची हिंदी करत होता. हे टॅरोचे पत्ते, पुढे काय होणार ते सांगतात. एका पानावर उलटा टांगलेला माणूस, एकावर पडणारा बुरूज, एकावर एक बाई सिंहाचा जबडा धरून उभी.

"सिंव्ह हाय काय यांच्या गावात?" मामांनी बटलरला विचारलं.

नाही, बाई म्हणाली.

"डोळ्यांनी बघितलाय काय?"

नाही.

"मंग तो सिंव्ह यांना काय सांगनार? वळख ना पाळख."

बटलरने याची हिंदी कशी केली देव जाणे. पण बाई खूप वेळ हसली आणि म्हणाली, मग तुम्ही तुमचे करा. मामांना कोणी करा म्हटलं की ते करतात. त्याच मोसमात त्यांनी घरी जुन्या पुठ्ठ्यांना चिंचोक्याची खळ लावून बावीस पानं वाळत घातली. बाईच्या पत्त्यांत मोठी पानं बावीस होती म्हणून बावीस. नाव ठेवलं शकुनपत्ते. प्रत्येक पानावर एक जनावर काढायचं, आणि जनावर असं हवं की जे या तालुक्यात माणसाच्या वाटेत येतं.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ पुढे झाला. कारण जनावराचा अर्थ काय हे ठरवायला मामा पोथीवर विश्वास ठेवत नव्हते, पंचांगावर ठेवत नव्हते आणि लोकांवर तर मुळीच ठेवत नव्हते. "बघितलंय काय डोळ्यांनी?" एवढा एकच प्रश्न. बघितलं नसेल तर पान कोरं.

बगळ्याचंच घ्या. बगळा म्हणजे ढोंगी हे शाळेतलं पोरही सांगेल. मामा दोन दिवस कळंबच्या एका शेतात, पोटरीएवढ्या चिखलात, बगळ्याशेजारी बगळ्यासारखे उभे राहिले. हातात वही. शेतमालकाची समजूत झाली की हा सरकारी माणूस जमिनीची मोजणी करतोय. तो बिचारा आधी गूळपाणी घेऊन आला, मग गावातली दोन जाणती माणसं घेऊन आला, आणि शेवटी आमच्या कचेरीत येऊन माझ्याच टेबलापाशी उभा राहिला. "सायेब, माझ्या शेतात तुमचा मानूस हाय. दोन दिस झाले, बोलतच नाय." त्याला समजावताना माझ्या नाकी नऊ आले.

मामांचा निष्कर्ष असा, "दोन दिस बघितला. उभा ऱ्हातो, आपल्या पुढ्यात येईल ते खातो. दुसऱ्याच्या तोंडातलं काढत नाय. यात ढोंग कंचं?" बगळ्याच्या पानाखाली त्यांनी सफाईदार अक्षरात लिहिलं, 'दम धर.'

मग राजाचं पान. सिंह आधीच बाद. मी म्हटलं, वाघ काढा. डोंगरात वाघ होते, मधूनअधून खाली उतरायचे. मामांनी स्वतः वाघ बघितला नव्हता, म्हणून ते बघितलेल्या माणसाकडे गेले. डोंगरपायथ्याच्या वाडीवरचा काळू आमच्या आळीत मध विकायला यायचा. त्याला ओट्यावर बसवून मामांनी चहा पाजला आणि विचारलं. काळूने बराच विचार केला.

"वाघ कसला राजा?" तो म्हणाला. "त्याला रोज उठून पोटामागं हिंडाया लागतं. चार दिस उपाशी ऱ्हातो कदी कदी. राजा असा हिंडतो काय?"

मामांना हे एकदम पटलं. वाघाच्या पानाखाली त्यांनी लिहिलं, 'रोजंदारी.' आता राजा कोण? काळू चहाचा शेवटचा घोट घेऊन म्हणाला, "राजा म्हंजे जो कुनाला न इचारता वाटंच्या मधी बसतो." नेमकी त्याच वेळी आळीच्या तोंडाशी यसूकाकूंची म्हैस बसलेली होती आणि मामलेदारसाहेबांचा टांगा तिच्यापुढे थांबला होता. टांगेवाला ओरडत होता, साहेब घड्याळ बघत होते, म्हैस रवंथ करत होती. मामांनी काळूकडे बघितलं, काळूने मामांकडे. म्हैस राजा झाली.

ही बातमी कचेरीत पोचायला दोन दिवस लागले. साहेबांनी मला आत बोलावलं. "ते म्हशीचे चित्रकार तुमच्यासमोर राहतात म्हणे." माझी बदली मला समोर दिसू लागली. साहेब म्हणाले, "पान घेऊन या, बघू." मी घाबरत घाबरत नेलं. साहेबांनी चष्मा लावून खूप वेळ बघितलं आणि परत देत म्हणाले, "शिंगं मात्र छान काढली आहेत."

या पत्त्यांचा आळीला त्रास व्हायला लागला तो निराळ्याच कारणाने. जो तो त्यांत स्वतःला शोधू लागला. कोंबड्याखाली लिहिलं होतं, 'दिवस माझ्यामुळे उगवतो.' तो आपणच, अशी शाळेच्या हेडमास्तरांची खात्री पटली आणि त्यांनी मामांशी बोलणं टाकलं. पालीच्या पानाखाली 'शेजारी' असं होतं. भिंतीला चिकटलेली, सगळं ऐकणारी आणि आपलं काही विचारलेलं नसताना चुकचुकणारी. मी ते पान दोनदा उजेडात धरून बघितलं. पालीला चष्मा नव्हता, एवढीच मेहरबानी.

पण खरं सांगायचं तर टिटवीचं पान बघितलं त्या दिवसापासून माझं या माणसाविषयीचं मत बदललं. टिटवी ओरडली की कोणीतरी जाणार, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक. माझी आई टिटवी ओरडली की चुलीत मीठ टाकायची. मामा चैत्रात आठ दिवस नदीच्या पात्रात जाऊन बसले. नवव्या दिवशी मलाही घेऊन गेले. गोट्यांमधून चालताना टिटवी डोक्यावर येऊन किंचाळू लागली. मी मागे फिरलो. मामांनी माझा दंड धरला आणि खाली बोट दाखवलं. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर, गोट्यांत गोट्यांसारखीच दिसणारी तीन अंडी होती.

"ती मेल्याचं सांगत नाय," मामा म्हणाले. "पाय बघून टाक म्हनते." टिटवीखाली त्यांनी लिहिलं, 'आई.'

हळूहळू ध्यानात आलं की मामांच्या पत्त्यांत वाईट पानच नव्हतं. गिधाड होतं, घुबड होतं, साप होता, गाढव होतं, पण सगळ्यांचं काहीतरी बरं निघालेलं. आळीतल्या बायका दुपारी मामांच्या ओट्यावर जमून पान काढायच्या. पहिले चार दिवस खूश होत्या. पाचव्या दिवशी यसूकाकू भडकल्या. यसूकाकू म्हणजे म्हशीच्या मालकीण आणि आळीतल्या एकूण मताच्याही.

"काय मेले हे पत्ते!" त्या म्हणाल्या. "वाईट पान कंदी येतच नाय, तर चांगल्यावर इस्वास ठेवायचा कसा?"

मामांनी पत्ते गोळा केले.

एकवीस पानं झाली. मांजराचं तेवढं राहिलं. सगळ्यात जास्त वह्या ज्याच्यावर भरल्या त्याचंच पान कोरं. मी चिडवायचो, "मामा, अजून बघून झालं नाही वाटतं?" एका सकाळी ते स्वतःच माझ्या दारात आले. सुकट खाऊन मांजर निवांत मिश्या पुसत होतं.

"कारकूनसायेब, एक सांगा. हे मांजर तिकडून निघालं, इकडं आलं. मी इथून निघालो, तिकडं चाललो. तर कोन कुनाला आडवं गेलं?"

मी म्हटलं, "आपण म्हणतो मांजर गेलं."

"आपन म्हनतो. मांजराला कुनी इचारलंय? तिचं तिला काम हाय, ती आपल्या कामाला चाललीय." मामांनी कानावरची पेन्सिल काढली. "अकरा वर्सं लागली बघा मला एवढं कळाया."

त्या दिवशी मांजराचं पान झालं. काळी, शेपटी वर केलेली, कोणाकडेही न बघता चाललेली मांजर. खाली लिहिलं, 'मला माझं काम आहे.' पान वाळत ठेवून मामांनी घराकडे बघून हाक मारली, "आक्का, येतेस काय गं?" आणि आतून आलं, "तू जा रं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतका उशिरा पडला याची मला अजून लाज वाटते.

कारण आळीची रीत मी रोज बघत होतो. कोणी कोर्टात निघालं, कोणी मुलगी बघायला निघालं, की आधी एक मुलगी धावत मामांच्या घरी जायची आणि सांगायची, "आक्का, जरा आत बस हां." मग कोणीतरी सवाष्ण भरली घागर घेऊन समोरून यायची आणि माणूस निघायचा. कोणी हे रागाने करत नसे. आक्काही रागावत नसे. दाराची फट तेवढी बंद व्हायची. मांजराला निदान निरोप पाठवत नसत.

मी यसूकाकूंना विचारलं. त्या कधी नव्हे त्या हळू आवाजात बोलल्या. मामांचं लग्न ठरलं तेव्हा वऱ्हाड निघताना त्यांनी हट्टाने आक्काला ओट्यावर उभं केलं होतं. म्हातारी माणसं नको नको म्हणत होती. मामा म्हणाले, माझी बहीण दारात नसेल तर मी निघत नाय. आक्का आली, वऱ्हाड निघालं, लग्न झालं. दीड वर्षात बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. आळीने काय म्हणायचं ते म्हटलं. मामांनी दुसरं लग्न केलं नाही आणि आक्का पुन्हा कोणाच्या वाटेत आली नाही.

"तवापासून तो रोज बोलावतो नि ती येत नाय," यसूकाकू म्हणाल्या. "येडी हायत दोघं." आणि पदराने डोळे पुसून म्हशीला शिव्या द्यायला गेल्या.

लढाई संपली. कागद पुन्हा मिळू लागला. त्या उन्हाळ्यात माथेरानच्या हॉटेलात मुंबईचा एक छापखानेवाला शेठ उतरला होता. तो देवादिकांच्या तसबिरी छापायचा, कॅलेंडरं छापायचा. बटलरने त्याला पत्त्यांची गोष्ट सांगितली. निरोप आला, रविवारी सकाळी पत्ते घेऊन या, दुपारी मी खाली उतरणार आहे.

मामा आठ दिवस जमिनीवर नव्हते. एकदा माझ्याकडे येऊन बसले आणि मनातलं बोलले. "माज्या तोंडाचं कोन ऐकतो? येडा पेंटर. पन छापून आलं ना, का लोक खिळा मारून देवाशेजारी लावतात. छापलेल्या मांजराला कुनी थुंकनार नाय. आनि मांजर सुटलं तर..." पुढचं बोलायची गरजही नव्हती. त्या बावीस पानांवर त्यांनी काय लावलं होतं ते आता सगळ्या आळीला कळलं होतं.

रविवारी सकाळी मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो. मामा धुतलेलं धोतर नेसून, पत्ते रेशमी रुमालात बांधून बाहेर आले. सातची गाडी धरून नेरळ, तिथून माथेरानची छोटी गाडी, असा बेत. मांजर आलं, सुकट खाल्लं, आडवं गेलं. मामांनी हाक मारली, "आक्का, येतेस काय गं?"

"तू जा रं."

मामा गेले नाहीत. ते पायरीवर बसले.

आतून थोड्या वेळाने आवाज आला, "गेलास काय?"

"नाय."

"गाडी चुकंल."

"चुकू दे."

"धोंडू, आज नको. उद्यापासून येईन. देवाची आन. आज तुजं काम हाय."

"काम हाय म्हनूनच ये म्हनतोय. बाविसाव्या पानावर मांजर काढलीय मी. घरातली बहीन दाराआड लपवून ते पान मी शेठला कुठल्या तोंडानं दाखवू?"

आळीतली दारं एकेक करून उघडत होती. बाजाराला निघालेले जागच्या जागी थांबले होते. माझ्या एका गालावर साबण वाळत होता.

"आनि नाय झालं काम, तर?" आक्का आतून म्हणाली. "एकदा आलीवते मी. जल्मभर डोक्यावर बसलंय माज्या. आता हेबी बसंल."

मला वाटतं, इतक्या वर्षांत हे मामांच्या ध्यानात आलंच नव्हतं. ते बोलावत होते ते आपल्या हट्टापायी, आणि ती येत नव्हती ती त्यांच्या काळजीपायी. ते म्हणाले, "बसू दे. या खेपेला अर्धं माज्या डोक्यावर बसव."

स्टेशनात शिटी झाली. मी म्हटलं, "मामा, पळा, अजून मिळेल." मामा हलले नाहीत. गाडी सुटल्याचा आवाज आला, लांब गेला आणि थांबला.

तशी दार धाडकन उघडून आक्का बाहेर आली. ओटा उतरून थेट रस्त्याच्या मधोमध. "गेली ना? गेली ना गाडी? झालं समाधान? लहानपनापास्नं असाच हायस! आठ दिस झोपला नायस या पत्त्यांपायी, नि आता..." आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण कुठे उभ्या आहोत. सकाळची सातची वेळ, भर आळी, दोन्हीकडे कामाला निघालेली माणसं. तिने पदर पुढे ओढला आणि मागे वळली.

त्या क्षणी मी का बोललो ते मला माहीत नाही. धीट माणूस मी नाही. पण गेल्या पावसाळ्यात मी एक गोष्ट केली होती आणि ती कोणाला सांगितली नव्हती.

"आक्का," मी म्हटलं, "मी खात्याच्या परीक्षेला निघालो होतो तेव्हा तुम्ही दारात दिसलात. मी आत जाऊन लपलो. तुम्ही गेल्यावर निघालो. यसूकाकूंनी भरली घागरही आणली होती. तरी नापास झालो."

आक्काने पदर जरा मागे घेतला आणि माझ्याकडे, म्हणजे साबणाच्या एका गालाकडे, बघितलं.

"किती मारकांनी?"

"अकरा."

"अभ्यास केलावता काय?"

"नाही."

"मंग!" आक्का म्हणाली.

पहिल्यांदा यसूकाकू हसल्या, मग सगळीच हसली. हसू ओसरल्यावर आक्काने मामांना विचारलं, "दुसरी गाडी कंदी हाय?"

"साडेआठला. पन वरची छोटी गाडी तवर निघून जाईल."

"मंग पाय काय वाहून गेलेत? चढू की. थांब, चपला घालते. त्या शेठला मीच सांगते उशीर कुनापायी झाला." आणि दोघं निघाली. आक्का पुढे, मामा मागे, आणि समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. अपशकुन म्हणून नव्हे. आक्काचा चालण्याचा वेगच तसा होता.

मामा दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा बाजारातल्या एका सायकलवाल्याची पाटी रंगवत होते.

"काय झालं, मामा?"

"नाय जमलं." त्यांनी ब्रश पुसला. "शेठ भला मानूस. पानं आवडली त्याला. म्हनाला, चितरं झकास, पन चार-पाच वाईट पानं घाला, त्याबिगर खपायचे नायत. मांजर, टिटवी, घुबड, यांची तयारच हायत म्हनाला, नुसतं खालचं अक्षर बदला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हनतो? माजी तर दातखीळ बसली. आक्काच म्हनाली, शेठ, वाईट पानं आमच्याकडं नायत, दुसऱ्या दुकानी बघा. नि गाठोडं बांधलं."

"वाईट वाटलं?"

"वाटलं की. लई वाटलं." मामांनी पाटीवर एक रेघ ओढली, ती वाकडी गेली, पुसली, पुन्हा ओढली. मी निघणार तेवढ्यात मामाच बोलू लागले. "डोंगर उतरताना आक्का म्हनते, धोंडू, तू कामाला गेलास का दुपारची मी ते पत्ते काढून बघायची. आळीतली समदी सापडली त्यात. हेडमास्तर सापडला, यसू सापडली, तुमीबी सापडलात. मी काय सापडली नाय. माजं पान कंचं रं?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगनार? म्हटलं, आक्का, ती जनावरं हायत. तू काय जनावर हायस, तुजं पान काढाया?"

सायकलवाला कसलातरी हिशोब विचारायला आला आणि गेला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. ती पुढं चालाया लागली, रडत रडत. नेरळ येईस्तोवर रडत व्हती. मी आपला वीस पावलं मागं ऱ्हायलो." त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. "मोठी बहीन हाय. धाकट्यानं बघितलेलं तिला आवडलं नसतं."